बांबूवरचं लुगडं

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून एका छत्रीची घडी घातली. त्यानंतर दोघांनी मिळून काहीच केलं नाही.

छत्री म्हणजे पावसातली नव्हे. आमच्या मागच्या टेकडीवरून माणसं एका कापडाला लटकून उडतात आणि आमच्या रानात उतरतात, ते कापड. ते लोक त्याला ग्लायडर म्हणतात. आमच्या घरात छत्रीच. पाऊस उघडला की मुंबई-पुण्याची माणसं कामशेतला येतात, उडायला शिकतात, पाऊस लागेपर्यंत त्यांचा राबता असतो. उतरल्यावर कुणाला घडीचा कंटाळा आला, कुणाचे हात थरथरत असले, की ते कापड आमच्या पुढ्यात टाकून चहा प्यायला बसत. मग आम्ही दोघं नवरा-बायको त्याच्या मागं लागायचो.

ही घडी एकट्याला जमत नाही. कापड लांबलचक, गुळगुळीत, आणि त्याच्या पोटात नुसते कप्पे. दोघांनी दोन टोकांना बसायचं आणि लुगड्याच्या निऱ्या घालतात तसा कप्प्यावर कप्पा बसवत यायचं. मग मागच्या कडेकडून पुढच्या तोंडाकडं गुडघ्यानं दाबत जायचं, म्हणजे आतली हवा तोंडातून निघून जाते. उलटं दाबलं की कापड फुगून अंगावर येतं. मी इतकी वर्षं उलटंच दाबत होतो.

"अवं, वढू नका. हवा आत कोंडती."

"मग बस की त्येच्यावर."

"मी बसल्यावर फाटंल ते. तुमीच बसा. तुमचं कुटं वजन हाय?"

घडी झाली, पट्टा आवळला आणि ती त्या गुंडाळीवरच बसली. धापा टाकत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली काय न्हाई, दम लागला. साठी उलटलेल्या बाईला दम लागतोच. मी म्हणालो, "बांबूवरचं लुगडं काडू का? दव पडंल."

"ऱ्हाऊ द्या. सकाळच्याला ती मुंबईची पोरं लवकर येनार हायेत."

म्हणून ते राहिलं. पहाटे ती गेली. झोपेतच. मी चुलीवर आधण ठेवलं, हाक मारली, परत हाक मारली. पुढचं पुढं लिहितो. आधी ते लुगडं बांबूवर कसं गेलं ते सांगायला पाहिजे, नाहीतर मी त्या सकाळी जे केलं ते कुणाला कळायचं नाही. आमच्या भावकीला अजून कळलेलं नाही.

मी चौथी शिकलोय. देहूरोडला डेपोत हमाली केली, पेन्शनीला येईपर्यंत. तिथं लष्कराच्या रद्द झालेल्या हवाई छत्र्यांच्या गठड्या यायच्या. त्या ह्या गोदामातून त्या गोदामात पाठीवरून नेल्या. एकही उघडलेली बघितली नाही. छत्री उघडलेली पहिल्यांदा बघितली ती आमच्याच रानात, आणि तेव्हा मी म्हशीचं शेण काढत होतो. एक माणूस वरून आला, दहा पावलं धावला आणि मला म्हणाला, "सॉरी हं काका." मी म्हणालो, "उतरलायस ते उतरलायस, त्या हरभऱ्यातनं जाऊ नको."

मला हे उडणं कधी पटलं नाही. आजही पटत नाही. पाय धड असताना माणूस टेकडीवरून पाय सोडतो आणि खाली आल्यावर जगात आपणच आहोत असं तोंड करतो. बायकोला मात्र त्यांचं कौतुक. ती चहा करायची, बेसन करायची, कुणाच्या हातातला काटा काढायची. "लेकरं हायेत," म्हणायची. त्यातली काही लेकरं पन्नाशीची होती.

लुगड्याचं झालं ते असं. आमच्या रानाच्या कडेला एक बांबू लोखंडी पाइपात रोवलेला होता आणि त्याच्या वरच्या टोकाला ती धुणं अडकवायची, कारण तिथं वारा चांगला लागतो. उडणाऱ्या माणसाला उतरताना वाऱ्याकडं तोंड करूनच उतरावं लागतं. वारा पाठीशी घेतला की वेग आवरत नाही. आमच्याकडं हिवाळ्यात सकाळचा वारा उगवतीकडनं असतो, दुपारनंतर मावळतीकडनं, आणि मधला एक तास तो कुणाचंच ऐकत नाही. वरून वारा दिसत नाही. मग ह्या लोकांनी काय केलं, तर आम्हाला न सांगता आमच्या धुण्याकडं बघून उतरायला लागले. आमची बायको लुगडं वाळत घालते आणि वर आठ-दहा माणसं त्याच्याकडं डोळे लावून आहेत, हे आम्हाला काय ठाऊक?

एका दुपारी लुगडं वाळलं, तिनं काढलं. त्याच वेळी वारा फिरला. वर एक जाड माणूस होता, तो जुन्याच अंदाजानं आला, पाठीशी वारा घेऊन, आणि धावता धावता सरळ आमच्या उकिरड्यात गेला. पाय मुरगळला. मानेपर्यंत शेण. त्यांचा मास्तर, म्हणजे त्यांना शिकवणारा, धावत आला. बायकोला वाटलं आता हा बोलणार. तिनं आधीच सुरू केलं, "आमी न्हाई काय केलं, त्योच आला उकिरड्यात." मास्तरनं हात जोडले.

"मावशी, पाया पडतो, आम्ही वर असताना ते लुगडं काढू नका."

"आरं मेल्या, मग मी नेसू काय?"

तो लाजला. मग म्हणाला जुनं द्या एखादं. तिनं आतून एक विटकं तांबडं लुगडं आणलं, उभं फाडून अर्धं केलं आणि बांबूला बांधलं. तेव्हापासून बांबूवर कायम तिचं लुगडं. एक वाऱ्यानं चिंध्या झालं की दुसरं. मास्तरनं मध्यंतरी शहरातून नायलॉनचं नारंगी बोचकं आणलं होतं, वाऱ्याची पिशवी म्हणे. ती तिनं भाजी ठेवायला घेतली. बारीक वाऱ्याला ती हलायचीच नाही. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं माणसाच्या श्वासानंही हलतं.

जुन्या लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या. त्यानंतर आमच्या घरात नवी गोधडी शिवली गेली नाही. मी थंडीत कुरकुर करायचो. ती म्हणायची, "तुमास्नी नुसती थंडी वाजती. त्यांची हाडं मोडत्यात." आणि एक नेम तिनं तेव्हापासून धरला. वर माणूस दिसत असताना लुगड्याला हात लावायचा नाही. एकदा गारा पडायला लागल्या, मी ओरडतोय काढ म्हणून, ती बांबूखाली डोक्यावर घमेलं धरून उभी. एक पोरगा अजून वर होता. तो उतरला, मग तिनं बांबू उपसला. घमेल्यावर गारांचा ताशा वाजत होता आणि ही मला हसत होती.

विमानातही मी बसलोय, एकदाच. लोणावळ्याच्या पलीकडं डोंगरात पैसेवाल्यांची वस्ती आहे, तिथं धावपट्टी केलेली. पेन्शनीनंतर काही महिने मी तिथं गवत कापायला जात होतो. एक बारकं विमान यायचं. माणसं पाठीला छत्री बांधून त्यात बसायची आणि वर जाऊन उड्या टाकायची. एका दिवशी विमानवाला म्हणाला, "आबा, चला येताय का? मागं वजन पाहिजे." डेपोत जन्मभर ओझं वाहिलं, तिथं मीच ओझं झालो. दार काढून ठेवलेलं. पत्रा असा खडखडत होता की आमच्या गावची वडापची जीप बरी. विमानात बसणाऱ्याला वाटतं आपण उडतोय. उडतं ते इंजिन. माणूस नुसता जीव मुठीत धरून बसतो. एक पोरगी दारात जाऊन बसली. मागं वळून माझ्याकडं बघून हसली आणि गेली. आवाज नाही, हाक नाही. जागा रिकामी आणि तिथून थंड वारा आत. मी डोळे मिटले. खाली आल्यावर ती पोरगी धावपट्टीच्या कडेला बिस्किट खात बसली होती.

घरी येऊन हे सांगितलं तर बायको म्हणाली, "तिची आय कुटं व्हती तवा?"

त्या पहाटेनंतर मला ती पोरगी सारखी आठवते. जागा तशीच रिकामी झाली. पण मी कितीही खाली बघितलं तरी कडेला कुणी बसलेलं नाही.

बायकोसुद्धा एकदा उडाली. ती गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यात मास्तरनं तिला आपल्या पुढं बांधून टेकडीवरून नेलं. मी नको म्हणालो नाही, हो पण म्हणालो नाही, म्हशीला पाणी पाजत राहिलो. लुगड्याचा कासोटा घट्ट, डोक्याला त्यांचं ते लाल टोपडं. उतरली तेव्हा पायच टेकेना. बसली तशीच मातीत. मी विचारलं काय दिसलं. म्हणाली, "तुमी दिसला. उकिरड्यापाशी. वरनं लय बारके दिसता."

"आन खालनं?"

"खालनं बी तसंच."

मग संध्याकाळी भाकरी थापताना मधेच थांबून म्हणाली, "वर काय सुदिक आवाज नसतो वं. नुसतं आपलंच लुगडं दिसतं, हालत असलेलं." एवढंच बोलली. मी पुढं विचारलं नाही. विचारायला काय, वेळ होता असं वाटायचं.

लोक समजूत घालतात, वर गेली म्हणतात. मी इतकी वर्षं वर बघत आलोय. वर काही नाही. वर गेलेलं सगळं खाली येतं, कुणी पायांवर, कुणी उकिरड्यात. तीच आली नाही. मला कुणाचं सांत्वन नको. भजनी मंडळातला एकजण रोज येऊन बसायचा, त्यालाही सांगितलं, चहा पी आणि जा. चहासुद्धा तिच्यासारखा होत नाही. म्हैस विकली. आता आमच्या रानात कुणी उतरत नाही, मीच नको म्हणालो. त्यांनी धरणाच्या अंगाला दुसरी जागा धरली. कधी एखादा वाऱ्यानं भरकटून आमच्यावरून जातो, खाली बांबूकडं बघतो, बांबूवर काही नसतं, मग तो तसाच पुढं जातो.

तर ती सकाळ.

उजाडेपर्यंत भावकी जमली. वडगावच्या अंगाला तिचं माहेर, तिथून हिरवं लुगडं आलं. बायकांनी आंघोळ घातली, मळवट भरला. अंगणात दोघं जण तिरडी बांधत होते. लेक देहूरोडला असते, तिची वाट बघत होतो. आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या वापरातले कपडे घरात ठेवत नाहीत, संगं नेऊन नदीकाठी ठेवून येतात. बायकांनी तिची लुगडी, चोळ्या, चपला, कुंकवाची डबी, सगळं एका गाठोड्यात भरलं. मग एकीनं दारातून बघितलं आणि म्हणाली, "आन ते बांबूवरचं?"

ते जांभळं लुगडं होतं. शेतात जाताना नेसायची ते.

"मी आनतो," म्हणालो आणि बाहेर पडलो. बांबूला हात घातला आणि वर बघितलं. टेकडीवरून मुंबईची पोरं सुटलेली होती. पाच-सहा छत्र्या. त्यांना पलीकडच्या बाजूनं वर नेतात, आमच्या घरात काय झालंय हे त्यांना कसं कळणार? मी हात काढून घेतला.

तिथंच उभा राहिलो. एक उतरला. दुसरा उतरला. मधल्या वेळात लेक आली, आईपाशी जाऊन रडली, मग मला शोधत रानात आली. "आबा, चला. समदी थांबलीत." मी वर बोट केलं. तिनं कपाळावर आडवा हात धरून बघितलं. ती ह्याच रानात वाढलेली. माझ्याजवळ उभी राहिली.

मग भावकीतले थोरले दादा आले, काठी आपटत.

"माणूस घरात पडलंय आन तू हितं बांबूला टेकून काय बगतुयास?"

"वर माणसं हायेत."

"हायेत तर हायेत. तुझी सोयरी हायेत का?"

"न्हाई."

"मग काड की ते लुगडं."

"ती काडीत नव्हती."

"ती गेली!" दादा ओरडले. मग त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं. काठी टेकून तेही वर बघायला लागले.

आता एकच राहिला होता, आणि तो खाली येईना. उन्हानं टेकडी तापली की गरम हवा वर चढते, छत्री तिच्यात सापडली की घारीसारखी घिरट्या घालत वर वर जाते. उडणाऱ्याला तोच तर आनंद. हा पोरगा चढतच चालला. अंगणातली माणसंही रानात आली. सगळ्यांची तोंडं वर. दादांनी दोन्ही हात वर करून हाळी दिली, "आरं ए! उतर की खाली!" दुसऱ्यांनीही हात हलवले. वर त्या पोराला वाटलं खालची मंडळी खूश झालीत. त्यानंही हात हलवला.

मास्तर सगळ्यात शेवटी टेकडीवरून सुटून उतरला होता, तो छत्री तशीच टाकून आमच्याकडं येत होता. हसत होता. "आबा, आज एवढं पब्लिक? मावशी कुठाय? चहा..."

"घरात हाय. न्यायचीय तिला."

त्याला लगेच कळलं नाही. त्यानं लेकीच्या तोंडाकडं बघितलं, मग अंगणाकडं, तिथं तिरडी दिसत होती. मग डोक्यावरचं टोपडं काढलं. छातीवर बोलायचं यंत्र अडकवलेलं होतं, ते तोंडाशी धरलं आणि वरच्या पोराला म्हणाला, "खाली ये. आत्ता. कान ओढ." छत्रीची दोन्ही टोकं दोऱ्यांनी आत ओढली की ती लहान होते आणि लवकर खाली येते, त्याला ते कान ओढणं म्हणतात. पोरगं विचारत होतं का म्हणून. "सांगतो ते कर," मास्तर म्हणाला. आणि मग सवयीनं, रोज म्हणायचा तसंच म्हणाला, "वारा मावशीच्या लुगड्यावर बघ."

वारा त्या वेळी पडला होता. लुगडं बांबूला चिकटून लोंबत होतं. पोरगं खाली खाली आलं, माणसांच्या डोक्यांवरून गेलं, आणि नेमकं तेव्हा लुगड्याचं टोक जरासं उचललं, मावळतीकडं. पोरानं छत्री वळवली, उगवतीकडं तोंड केलं आणि हरभऱ्याच्या कडेला दोन पायांवर उतरलं. ते पोरगं एवढी माणसं बघून तिथंच उभं राहिलं, दोऱ्या हातात धरून.

मी वर सगळीकडं एकदा बघून घेतलं. मग बांबू पाइपातून उपसला आणि आडवा केला. मास्तर पुढं आला, मी त्याला हातानंच नको म्हणालो.

गाठ दवानं भिजून आवळली होती. बोटांना सुटेना. ती गाठ मारताना शेवटी एक हिसडा द्यायची. कुणीतरी खुरपं आणलं, म्हणाला कापू का. मी नाही म्हणालो. गुडघ्यावर बसलो, दातात धरली. तोंडात गारठा आला आणि चुलीच्या धुराची चव. लेक म्हणाली, "आबा, दात पडतील." वेळ लागला, पण सुटली.

दुसरं टोक लेकीनं धरलं होतं, घडी घालायला. मी तिच्या हातातून ओढून घेतलं. घडी घातली नाही. तसंच गोळा करून काखेत मारलं आणि घराकडं चाललो.